बदलता भार आणि पंखाचे आयुष्य : धातुश्रांतीच्या अभ्यासातील एक पेच

ज्या भाराने धातू एका वेळी मोडत नाही, तोच भार पुनःपुन्हा आल्यास तो मोडतो, हे ऑगस्ट व्होलर यांनी १९व्या शतकाच्या उत्तरार्धात रेल्वेच्या आसांवरील प्रयोगांतून दाखवून दिले होते. तथापि त्या प्रयोगांत भार सामान्यतः अखेरपर्यंत एकसारखाच राखलेला असे. विमानाच्या पंखाच्या वाट्याला असा नियमितपणा येत नाही. हवेतील धक्के, वळणे, आणि प्रत्येक उड्डाणागणिक जमिनीवरून हवेत व पुन्हा जमिनीवर येताना होणारी भाराची उलटापालट, असा हा विस्कळीत क्रम असतो.

या विस्कळीतपणाची बेरीज करण्याचे सूत्र पामग्रेन यांनी १९२४ मध्ये बेअरिंगसाठी मांडले आणि मायनर यांनी १९४५ मध्ये विमानाच्या धातूंसाठी. प्रत्येक भारचक्र आयुष्याचा ठराविक अंश खाते. अंशांची बेरीज एक झाली की भाग निकामी होतो. योगायोग असा की, त्याच वर्षी ३१ जानेवारीस ऑस्ट्रेलियात स्टिन्सन विमानाचा पंख श्रांतीमुळे तुटून दहा जण मृत्युमुखी पडले.

सूत्र सोपे होते. त्यात क्रमाला मात्र स्थान नव्हते. जर्मनीत गासनर यांनी १९३९ मध्येच आठ पातळ्यांचे भार क्रमवार देणाऱ्या चाचण्या सुरू केल्या होत्या. क्रम विसरण्याची किंमत पुढे कॉमेटने दाखवली. (तेथे प्रश्न पंखाचा नसून प्रवासी-कक्षाचा होता, तत्त्व मात्र तेच.) चाचणीसाठी घेतलेल्या कक्षभागावर आधी नेहमीच्या दुप्पट दाब देण्यात आला होता. त्याने खिडक्यांच्या कोपऱ्यांतील धातू किंचित ताणला गेला आणि दाब काढल्यावर तेथे दाबाचा अवशिष्ट प्रतिबल राहिला. त्यामुळे तो भाग सुमारे १६,००० दाबचक्रे टिकला. प्रत्यक्ष सेवेतील विमान १० जानेवारी १९५४ रोजी सुमारे १,२९० उड्डाणांनंतरच फुटले. चाचणीतून मिळालेला दिलासा हा चाचणीनेच निर्माण केला होता.

पंखांच्या बाबतीतही मोठा ताणभार पुढील तडे वाढण्याचा वेग मंदावतो, असे आढळले. म्हणूनच १९७३ मध्ये प्रवासी विमानांच्या पंखासाठी ‘ट्विस्ट’ हा ४,००० उड्डाणांचा प्रमाणित भारक्रम तयार झाला, तेव्हा क्वचित येणारे अतिमोठे भार चाचणीत कोठे छाटावेत हा प्रश्न महत्त्वाचा ठरला. असा एखादा भार यंत्रावरील पंखाला दीर्घायुषी करतो. सेवेतील एखाद्या विमानाला मात्र तो आयुष्यभरात कधी भेटतही नाही.