शरणपूरचे अदीक्षित धर्मसेवक : नाशिकच्या मिशन वसाहतीतील शिक्षणाचा एक पैलू

पुण्याहून भोसरी, चाकण, संगमनेर असा जो रस्ता नाशिकास पोहोचतो, त्याच्या शेवटी असलेल्या शहरातील 'शरणपूर रोड' हे नाव नित्य परिचयाचे आहे; परंतु ज्या वसाहतीवरून ते पडले तिचा इतिहास मात्र परिचयाचा राहिलेला नाही. चर्च मिशनरी सोसायटीने नाशिक येथे १८३२ मध्ये ठाणे घातले आणि विल्यम सॉल्टर प्राइस ह्या मिशनऱ्याने १८५४ च्या सुमारास शहराबाहेर ख्रिस्ती वसाहत उभारली. मोशेच्या नियमशास्त्रात ज्यांना आश्रयाची नगरे म्हटले आहे, त्यांस मराठी बायबलात 'शरणपुरे' असा शब्द आहे. वसाहतीचे नाव त्याच कल्पनेवरून आले. नाव आश्रयाचे असल्याने पुढील लेखकांनीही शरणपुराकडे एक आश्रयस्थान म्हणूनच पाहिले. प्रस्तुत लेखाचे म्हणणे निराळे आहे. शरणपूर हे धर्मकार्यासाठी माणसे तयार करणारे एक लहानसे विद्यालय होते, आणि त्याची योग्यता ठरवावयाची तर ती तेथील विद्यार्थ्यांच्या पुढील आयुष्यावरून ठरविली पाहिजे.

अँग्लिकन चर्चची रचना येथे थोडक्यात ध्यानी घ्यावी लागते. बिशप, प्रीस्ट आणि डीकन ह्या तीन पदांना दीक्षा लागते. त्यांखालचा उपदेशक, वाचक, शाळामास्तर हा सारा वर्ग अदीक्षित. उपदेशकाने प्रार्थना वाचावी, मुलांकडून प्रश्नोत्तरे पाठ करून घ्यावीत, खेडोपाडी फिरावे. प्रभुभोजनाचा विधी मात्र त्याने करावयाचा नाही आणि पापक्षमेचे वचनही उच्चारावयाचे नाही. मिशनचे दैनंदिन काम बहुतांशी ह्याच वर्गाच्या खांद्यावर चाले. अधिकार दीक्षितांच्या हाती असे. एतद्देशीयांना दीक्षा मिळतच नसे असे नव्हे. पारशी समाजातून आलेले रतनजी नवरोजी ह्याच मिशनचे दीक्षित पाळक झाले व त्यांनी औरंगाबादचे कार्य सांभाळले. शरणपूरच्या ज्या विद्यार्थ्यांचा येथे विचार करावयाचा आहे, त्यांच्या बाबतीत मात्र हे अंतर फार काळ टिकले.

हे विद्यार्थी महाराष्ट्रातले नव्हते. हिंदी महासागरात गुलामांची ने-आण करणारी गलबते इंग्रजांचे आरमार पकडी, आणि त्यांतून सुटलेली आफ्रिकी मुले मुंबईस उतरविली जात. सरकारने त्यांतील बऱ्याच मुलांना मिशनांच्या हवाली केले. मुंबईत कार्ल विल्हेल्म इझेनबर्ग यांच्या देखरेखीखाली असलेली अशी मुले १८६० च्या सुमारास शरणपुरास आली. ह्या मुलांच्या नावांतच त्यांची कथा सामावलेली आहे. रिचर्ड इझेनबर्ग, सायमन प्राइस, कॅरस फॅरार ही आडनावे मिशनऱ्यांची. आईबापांनी ठेवलेली नावे गुलामांच्या बाजारातच हरवली होती. मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांच्या शेजारी राहून ती वाढली. इंग्रजी वाचन-लेखन, शास्त्राभ्यास व नित्य प्रार्थना यांबरोबर सुतारकी, लोहारकी यांसारखे हातचे कसबही त्यांना शिकविले जाई. शास्त्र आणि शस्त्र ही जोडी आपल्याला ऐकून माहीत आहे; शास्त्र आणि रंधा अशी ही जोडी होती. आपले पोट आपण भरील आणि सायंप्रार्थनाही चालवील असा मनुष्य घडविणे, हा तिचा हेतू उघड दिसतो.

ह्या शिक्षणाची पहिली प्रसिद्ध कसोटी लिव्हिंग्स्टनच्या प्रवासात लागली. मुंबईहून १८६६ च्या आरंभी निघताना त्याने नाशिकचे नऊ तरुण बरोबर घेतले. त्याच्या दैनंदिनीत त्यांच्याविषयी कठोर उद्गार आहेत. आळस आणि पळपुटेपणा हे मुख्य आरोप. दैनंदिनीतील ह्या अभिप्रायाला पुष्कळ काळ प्रमाण मानले गेले. परंतु रानातून ओझी वाहणे आणि जनावरे हाकणे ह्यांसाठी शरणपूरची शाळा नव्हती, आणि जे शिकविलेच नाही त्यात विद्यार्थी उणा ठरला तर दोष शाळेकडे नव्हे, निवड करणाराकडे जातो. शिवाय त्या नवांतील काही जण सात वर्षांनंतरही त्याच्यापाशी होते.

त्या शाळेने जे शिकविले होते त्याचा प्रत्यय १८७३ मध्ये आला. आदल्या वर्षी मदतीसाठी निघालेल्या तुकडीतून जेकब वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन, कॅरस फॅरार इत्यादी शरणपूरचे आणखी विद्यार्थी लिव्हिंग्स्टनकडे पोहोचले होते. मे महिन्याच्या आरंभी चितांबो गावी, आजच्या झांबियात, त्याचा मृत्यू झाला. तेव्हा जवळ कोणी युरोपीय नव्हता, कोणी दीक्षित पाळकही नव्हता. सूसी आणि चुमा ह्यांच्या पुढाकाराने सोबत्यांनी देह समुद्रापर्यंत न्यावयाचे ठरविले. हृदय व आतडी एका वृक्षाखाली पुरण्यात आली आणि दफनविधीची प्रार्थना जेकबने वाचली. वृक्षाच्या खोडावर नाव व दिनांक कोरले तेही त्यानेच. येथे थोडे थांबावेसे वाटते. चर्चच्या रीतीप्रमाणे ही प्रार्थना पाळकाने म्हणावयाची. पण ज्याच्याकडे पुस्तक आहे आणि ते वाचता येते, असा हा तरुण तेथे होता. त्याला नेमले कोणी नव्हते, पण तयार मात्र शरणपुराने केले होते. पुढे हजाराहून अधिक मैलांची वाट तुडवून ते लोक देहासह किनाऱ्यास आले. मिशनने खर्च दिल्यामुळे जेकब देहासोबत इंग्लंडास गेला आणि १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये शवपेटी धरणाऱ्यांत त्याला स्थान मिळाले. पुढचे त्याचे आयुष्य हलाखीतच गेले.

दुसरी कसोटी दीर्घ, आणि माझ्या मते अधिक महत्त्वाची. विल्यम जोन्स, इश्माएल सेम्लर आणि जॉर्ज डेव्हिड ह्या तिघांना मिशनने १८६४ मध्येच मोंबासाजवळील राबाई येथे रेबमान यांच्या साहाय्यास पाठविले होते. झांझिबारच्या सुलतानाशी १८७३ मध्ये गुलामांच्या व्यापारबंदीचा करार झाला, तेव्हा सुटणाऱ्या गुलामांसाठी आफ्रिकेतच वसाहत करावी असा विचार पुढे आला. शरणपूर पाहिलेले सर बार्टल फ्रियर त्याचे पुरस्कर्ते होते. वसाहत उभारण्याचे काम प्राइस यांच्याकडेच आले व १८७५ मध्ये मोंबासासमोर फ्रियरटाउन वसले. शरणपूरचे आफ्रिकी रहिवासी मोठ्या संख्येने तिकडे गेले आणि तेथे 'बॉम्बे आफ्रिकन' म्हणून ओळखले जाऊ लागले. शाळामास्तर, उपदेशक, कारागीर ह्या जागा त्यांनी भरल्या. वसाहतीची वरिष्ठ सत्ता मात्र युरोपीयांकडे राहिली. १८८१ मध्ये ह्या लोकांनी वसाहतीतील वागणुकीविरुद्ध लेखी गाऱ्हाणे मांडले. शिकलेल्या मनुष्याला आज्ञाधारक साहाय्यक म्हणूनच ठेवू पाहणाऱ्या व्यवस्थेत दुसरे काय होणार होते?

जोन्स आणि सेम्लर यांना डीकनची दीक्षा मिळाली ती ३१ मे १८८५ रोजी, बिशप हॅनिंग्टन यांच्या हस्ते; राबाईस प्रथम पाठविले गेल्यानंतर एकवीस वर्षांनी. जॉर्ज डेव्हिड आदल्याच वर्षी वारले होते. दीक्षेनंतर दोनच महिन्यांत हॅनिंग्टन युगांडाच्या वाटेला लागले व त्यांनी जोन्स यांना बरोबर घेतले. वाटेत बहुतेक काफिला जोन्स यांच्याकडे सोपवून बिशप सुमारे पन्नास माणसांनिशी पुढे गेले, आणि २९ ऑक्टोबर रोजी बुसोगात त्यांचा वध झाला. वार्ता आल्यावरही जोन्स काही काळ वाट पाहत थांबले. मग उरलेला काफिला घेऊन ते परतले व १८८६ च्या फेब्रुवारीत राबाईस पोहोचले. पुढे चालणाऱ्या फिकट निळ्या निशाणावर 'ईखाबोद' हा शमुवेलाच्या ग्रंथातील शब्द शिवलेला होता. वैभव गेले असा त्याचा अर्थ. मोठ्या संकटात काफिला सांभाळून आणणे आणि शोकासाठी नेमका शब्द शास्त्रातून काढणे, ह्या दोन्ही गोष्टी एकाच मनुष्याच्या नेतृत्वाखाली घडल्या. पळपुटेपणाच्या जुन्या आरोपाला ह्याहून निराळे उत्तर देण्याचे कारण नाही.

जोन्स यांनी पुढे राबाईत पळून आलेल्या गुलामांना आसरा दिला. त्यांच्या मालकांचा रोष इतका वाढला की १८८९ च्या आरंभी ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनीच्या मॅकेंझी यांना भरपाई देऊन चौदाशेंच्या आसपास गुलामांची सुटका करावी लागली. आश्रयाच्या नगरात वाढलेल्याने दुसरे आश्रयस्थान उभे केले होते. प्रीस्टपद त्यांना १८९५ मध्ये मिळाले. नाशिकची आफ्रिकी शाखा तोवर केव्हाच बंद पडली होती. लिव्हिंग्स्टनच्या देहासोबत चाललेले मॅथ्यू वेलिंग्टन मोंबासा येथे १९३५ पर्यंत हयात होते.