सुसज्ज भाडेघरातील वस्तूंचा विमा

सुसज्ज भाडेघरातील वस्तूंचा विमा : पलंग, कपाटे, फ्रिज, वातानुकूलन यंत्र, धुलाईयंत्र अशा सामानासह भाड्याने दिलेल्या घरातील मालकाच्या चीजवस्तूंची आग, पूर, भूकंप इ. आपत्तींत हानी झाल्यास ती भरून देणारा सर्वसाधारण विम्याचा प्रकार. विमा उतरवणाऱ्याचा वस्तूंत आर्थिक हितसंबंध असावा लागतो. त्यामुळे भाडेकरूचे कपडे, लॅपटॉप किंवा दुचाकी यांना घरमालकाच्या विम्याचे संरक्षण मिळत नाही, त्यांचा विमा भाडेकरूनेच घ्यावयाचा असतो. सहकारी गृहनिर्माण संस्था आपल्या इमारतीचा जो विमा उतरवते, त्यातही सदनिकांमधील सामान धरलेले नसते.

भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरणाने ठरवून दिलेली ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी 1 एप्रिल 2021 पासून अमलात आली. तीत इमारतीचा विमा घेतल्यास इमारतीच्या विमा रकमेच्या 20 टक्के, परंतु कमाल 10 लाख रुपये, इतके संरक्षण सर्वसाधारण घरसामानाला आपोआप मिळते. त्याहून अधिक संरक्षण हवे असल्यास सामानाचा तपशील द्यावा लागतो, आणि केवळ सामानाचाही विमा घेता येतो. आग, स्फोट, वीज, भूकंप, वादळ, पूर, दरड, दंगल, पाण्याची टाकी किंवा नळ फुटणे या आपत्ती तीत येतात. घर राहण्याजोगे न उरल्यास बुडालेल्या भाड्याची भरपाईही मिळते, म्हणून भाड्याने दिलेल्या घरांना ती विशेष उपयुक्त आहे. झीज, हळूहळू झिरपणारी ओल आणि उपकरणातील बिघाड मात्र वगळलेले आहेत. शॉर्ट सर्किटने एखादे वातानुकूलन यंत्र जळाले, तर त्या यंत्राची भरपाई मिळत नाही. मात्र त्यातून आग पसरून इतर सामान जळाले, तर त्या सामानाची मिळते.

उदाहरणार्थ, नाशिकमध्ये सातपूर व अंबडच्या औद्योगिक वसाहती, ओझरचा विमान कारखाना, आरोग्य विज्ञान विद्यापीठ आणि मुक्त विद्यापीठ यांमुळे बाहेरगावाहून येणाऱ्या नोकरदारांना व विद्यार्थ्यांना तयार घराची गरज भासते. येथे पुराची जोखीम प्रत्यक्ष आहे. 1969, 2008 व 2019 या वर्षी गोदावरीला मोठे पूर आले, आणि रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून पाण्याची पातळी जोखण्याची रीत शहरात रूढ आहे. नदीकाठी आखलेली निळी पूररेषा सरासरी 25 वर्षांतून एकदा, तर लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची मर्यादा दाखवते. तळमजल्यावरील सुसज्ज घराच्या मालकाने विमा रक्कम ठरवताना या रेषा पाहणे अगत्याचे आहे. सिंहस्थ कुंभमेळ्याच्या काळात राहते घर यात्रेकरूंना अल्प मुदतीने दिल्यास वापराचे स्वरूप बदलते, म्हणून तसे विमा कंपनीला आधी लेखी कळवावे लागते.

चोरीविषयी गैरसमज फार आहेत. ‘भारत गृह रक्षा’मध्ये विमित आपत्तीमुळे आणि ती घडल्यापासून सात दिवसांच्या आत झालेली चोरी तेवढी येते, एरवीच्या घरफोडीसाठी वेगळे संरक्षण घ्यावे लागते आणि त्यातही सामान्यतः बळजबरीने आत शिरल्याच्या खुणा आवश्यक असतात. घरात रीतसर राहणाऱ्या भाडेकरूनेच सामान नेले, तर बहुधा कोणतीही पॉलिसी उपयोगी पडत नाही. ही उणीव अनामत रक्कम आणि भाडेकरार भरून काढतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 नुसार करार लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक असून नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. प्रचलित ‘लिव्ह अँड लायसन्स’ कराराला वस्तूंची यादी जोडून तीत प्रत्येक वस्तूचा प्रकार, कंपनी, खरेदीचे वर्ष व सद्यःस्थिती नमूद केल्यास, तीच यादी भाडेकरूशी हिशेब करताना आणि विम्याचा दावा मांडताना पुरावा ठरते. खरेदीच्या पावत्या व छायाचित्रे तिला बळकटी देतात, आणि त्यांच्या प्रती पाण्याच्या तडाख्यापासून दूर, घराबाहेर ठेवणे श्रेयस्कर असते.

हानी झाल्यावर कंपनीला तत्काळ कळवणे, चोरी असल्यास पोलिसांत फिर्याद देणे आणि नुकसानीची पाहणी होईपर्यंत वस्तू जपून ठेवणे ही विमाधारकाची कर्तव्ये होत. दावा नाकारला गेल्यास किंवा रखडल्यास प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे आणि त्यानेही समाधान न झाल्यास विमा लोकपालाकडे दाद मागता येते. नाशिककरांसाठी लोकपालाचे कार्यालय पुण्यात आहे. तेथे शुल्क आकारले जात नाही व वकिलाचीही गरज नसते, त्यामुळे एकाच सदनिकेच्या भाड्यावर भिस्त असलेल्या निवृत्तांना हा मार्ग दिवाणी दाव्यापेक्षा अधिक परवडणारा ठरतो.