शीळ आणि तबकडी

मराठी भावगीताची जन्मकथा सांगणारे तिचा आरंभ बहुधा पुण्यातील रविकिरण मंडळाच्या काव्यगायनापासून करतात, आणि 1923 साली स्थापन झालेल्या त्या मंडळाने कविता चालीवर म्हणण्याची रसिकांना गोडी लावली हे खरेच आहे. परंतु कवितेला तबकडीवर चढवून गावोगावी पोहोचविण्याचे श्रेय, माझ्या मते, दोन वकिलांच्या पदरी टाकले पाहिजे. त्यांपैकी ना. घ. देशपांडे हे वऱ्हाडातील मेहकरास कज्जेखटल्यांच्या कागदपत्रांत बसून कविता लिहीत, आणि जी. एन. जोशी हे वकिलीची सनद पदरी असूनही मनाने गाण्याचे होते. 1932 साली जोशींनी देशपांड्यांची 'रानारानांत गेली बाई शीळ' ही कविता हिज मास्टर्स व्हॉइस कंपनीसाठी गायिली. कवीचा 'शीळ' हा संग्रह छापून निघाला तो 1954 साली. म्हणजे जवळजवळ दोन तपे महाराष्ट्राने हा कवी पुस्तकावाचूनच ऐकला.

बागलाणातील मोसम नदीकाठच्या नामपूरसारख्या कसब्यात या गोष्टीचा अर्थ विशेष कळतो. घरात अहिराणी, देवळात अभंग आणि जत्रेत तमाशा ऐकणाऱ्या बागलाणच्या श्रोत्याला नागर मराठी कविता भेटण्याचे ठिकाण शाळेच्या क्रमिक पुस्तकाखेरीज फारसे नव्हते. चावीच्या ग्रामोफोनला वीज लागत नसे. चावी भरावी, पोलादी सुई बदलावी, आणि सुमारे तीन मिनिटांत एक बाजू संपली की तबकडी उलटावी. आलापी आणि तानबाजीला त्या तीन मिनिटांत वाव नसल्यामुळे शब्द आपोआपच पुढे आले. यंत्राच्या या कृपणतेचे ऋण आपले समीक्षक क्वचितच मान्य करतात.

भावगीतासारखा गीतप्रकार इतरत्रही होता. जॉर्जियाच्या तमारा त्सेरेतेली या गायिकेने 'रोमान्स' नावाची अशीच भावपर गीते गाऊन मॉस्कोत कीर्ती मिळविली. मात्र सोव्हिएत अमलात हा गीतप्रकार भांडवलदारी अभिरुचीचा ठरून दडपला गेला. आमच्याकडे सरकारने भावगीताच्या वाटेला जाण्याचे कारण नव्हते. नाके मुरडली ती शास्त्रीय संगीताच्या काही अभिमान्यांनी.

जोशींच्या मागून बेळगावचे गजानन वाटवे (जन्म 1917) आले आणि जे तबकडीत होते ते त्यांनी जाहीर कार्यक्रमांत आणले. त्यांनी गायिलेल्या 'गगनी उगवला सायंतारा' या गीताचे कवी अनिल हेही न्यायखात्यातले. कोर्टाच्या कोरड्या भाषेचे भावगीताशी एवढे सख्य का असावे, हा स्वतंत्र संशोधनाचा विषय आहे!

जोशी पुढे वकिली सोडून त्याच कंपनीत ध्वनिमुद्रणाचे अधिकारी झाले आणि गायकाच्या जागेवरून उठून गायक निवडणाऱ्याच्या जागी बसले. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काबरा या तेव्हाच्या तरुण वादकांची 'कॉल ऑफ द व्हॅली' ही 1967 सालची तबकडी त्यांच्याच देखरेखीखाली निघाली. तीत एकही शब्द नाही.