अपंगत्व निवृत्तिवेतन : माजी सैनिकांचा हक्क आणि पुराव्याचे ओझे

प्रस्तावना

लष्करी सेवेत सैनिक जायबंदी झाला अथवा आजाराने निकामी झाला, तर त्याच्या उदरनिर्वाहाची जबाबदारी शासनाने घ्यावी, हे तत्त्व भारतात सर्वमान्य आहे. तरीही अपंगत्व निवृत्तिवेतनासाठी असंख्य माजी सैनिकांना वर्षानुवर्षे कार्यालयांच्या आणि न्यायालयांच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या. नियम कठोर असल्यामुळे असे घडते, हा समज पुरेसा नाही. मूळ नियम बरेच उदार होते. अंमलबजावणीत मात्र पुराव्याचे ओझे शासनाच्या खांद्यावरून सैनिकाच्या खांद्यावर सरकले. हे कसे घडले आणि न्यायालयांनी त्याला कितपत आळा घातला, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

अनुग्रहाकडून हक्काकडे

ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात अपंग सैनिकाला मिळणारे साहाय्य मुख्यतः अनुग्रहाच्या स्वरूपाचे होते. मीर जाफरने मृत्युपत्रान्वये ठेवलेल्या रकमेतून १७७० मध्ये उभा राहिलेला ‘क्लाइव्ह निधी’ हे त्याचे ठळक उदाहरण होय. पहिल्या महायुद्धात जायबंदी झालेल्या हिंदी सैनिकांना हस्तव्यवसाय शिकविण्यासाठी १९१७ मध्ये मुंबईत क्वीन मेरी तांत्रिक संस्था स्थापन झाली. पुढे ती पुण्याजवळ खडकी येथे स्थिरावली. अशा संस्थांचे कार्य मोलाचे असले, तरी त्यांचा पाया दात्याच्या औदार्यावर होता.

हक्काची स्पष्ट भाषा ब्रिटनमध्ये दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आली. दाव्यांच्या फेटाळणीविरुद्ध मोठा असंतोष निर्माण झाल्यावर १९४३ मध्ये दावेदारावरील सिद्धतेचा भार काढून टाकण्यात आला आणि अपील न्यायाधिकरणांची तरतूद झाली. १९४७ च्या ‘मिलर’ खटल्यात न्या. डेनिंग यांनी अशा प्रकरणांत रास्त संशयाचा फायदा दावेदारास द्यावयाचा म्हणजे काय, याचे विवेचन केले. स्वतंत्र भारताच्या नियमांत या विचाराचे प्रतिबिंब स्पष्ट दिसते.

१९६१ व १९८२ चे नियम

लष्कराच्या १९६१ च्या निवृत्तिवेतन विनियमांतील १७३ व्या विनियमानुसार दोन अटी महत्त्वाच्या होत्या : अपंगत्व लष्करी सेवेमुळे उद्भवलेले वा वाढलेले असावे आणि त्याचे प्रमाण किमान २० टक्के असावे. १९८२ च्या पात्रता नियमांनी पहिल्या अटीचा अर्थ सैनिकाच्या बाजूने लावला. भरतीच्या वेळी सैनिक निरोगी होता, असे गृहीत धरावे. पात्रता सिद्ध करण्यास दावेदाराला सांगू नये. रास्त संशयाचा फायदा त्याला मिळावा, असे हे नियम सांगतात. भरतीच्या नोंदीत आजाराचा उल्लेख नसेल, तर तो सेवेतच उद्भवला असे मानावयाचे. भरतीपूर्व तपासणीत तो आढळणे शक्य नव्हते, असे वैद्यकीय मंडळाचे मत असेल, तर त्या मताची कारणे नोंदविणे आवश्यक होते.

दाव्याची वाटचाल

हा उदार नियम व्यवहारात एका वाक्यापाशी अडला. आजार ‘सेवेमुळे उद्भवलेला नाही आणि सेवेमुळे वाढलेलाही नाही’ असा शेरा वैद्यकीय मंडळ देई. अनेक प्रकरणांत त्याला ‘आजार शरीरप्रकृतीचा आहे’ याहून अधिक कारण जोडलेले नसे. त्या शेऱ्याच्या आधारे अलाहाबाद येथील लेखा नियंत्रकांचे निवृत्तिवेतन कार्यालय दावा नामंजूर करी. त्यावर विभागांतर्गत पहिले व दुसरे अपील करता येत असे. परंतु तेथेही मूळ शेराच पुन्हा प्रमाण मानला जाई.

यात सर्वाधिक हानी होई ती अल्प सेवेनंतर घरी पाठविलेल्या जवानाची. सामान्य सेवा निवृत्तिवेतनासाठी जवानाची १५ वर्षे सेवा आवश्यक असते. आठ-नऊ वर्षांत आजारामुळे सेवामुक्त झालेल्याला ते मिळत नाही. म्हणून अपंगत्व निवृत्तिवेतन हाच त्याचा नियमित आधार ठरतो. तो नाकारला गेला, तर ज्या आजारामुळे लष्कराने त्याला अपात्र ठरविले, तोच आजार घेऊन त्याला गावी दुसरे काम शोधावे लागते. त्यात भर म्हणजे सेवेच्या व उपचारांच्या नोंदी लष्करी अभिलेख कार्यालयात राहतात. सिद्धतेचा भार कागदोपत्री शासनावर, कागदपत्रे शासनाकडे आणि धावपळ मात्र सैनिकाची, अशी ही विसंगती होती.

न्यायालयांची भूमिका

न्यायालयांची भूमिकाही प्रारंभी एकसारखी नव्हती. ‘केशर सिंग’ (२००७) यांसारख्या निर्णयांत सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय मंडळाच्या मताला प्राधान्य दिले. या प्रवाहाला निर्णायक वळण मिळाले ते २ जुलै २०१३ च्या ‘धर्मवीर सिंग’ निर्णयाने. १९८५ मध्ये भरती झालेल्या या सैनिकाला झटक्यांच्या विकारामुळे १९९४ मध्ये २० टक्के अपंगत्व ठरवून सेवामुक्त करण्यात आले आणि निवृत्तिवेतन नाकारण्यात आले. उच्च न्यायालयाच्या एकलपीठाने दिलेला दिलासा खंडपीठाने काढून घेतला. मंडळाने कारणे दिलेली नाहीत, म्हणून नियमांतील गृहीतक सैनिकाच्या बाजूनेच लागू होते, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरविले. हा नवा कायदा नव्हता. १९८२ चा नियम जसा होता तसा वाचला गेला, इतकेच. मात्र त्यासाठी सैनिकाची १९ वर्षे खर्ची पडली.

२०१४ मध्ये आणखी दोन प्रश्न निकाली निघाले. अपंगत्वामुळे ज्याला सेवेतून काढले, त्याचे अपंगत्व २० टक्क्यांहून कमी मानता येणार नाही, असे ‘सुखविंदर सिंग’ प्रकरणात ठरले. अपंगत्वाची टक्केवारी वरच्या टप्प्यात धरण्याचा, म्हणजे २० टक्के असल्यास ५० टक्के मानण्याचा लाभ नियत वयोमानानुसार निवृत्त झालेल्यांनाही मिळावा, हे ‘राम अवतार’ प्रकरणाने निश्चित केले.

न्यायाधिकरण आणि अपिलांची शृंखला

२००७ च्या कायद्यान्वये स्थापन झालेल्या सशस्त्र दल न्यायाधिकरणाचे कामकाज २००९ मध्ये सुरू झाले. महाराष्ट्र व गोव्यातील माजी सैनिकांसाठी मुंबई येथे त्याचे पीठ आहे. दाद मागण्याचे ठिकाण जवळ आले, हा मोठा लाभ होता. परंतु सैनिकाच्या बाजूने लागलेल्या निकालांविरुद्ध शासनच वरच्या न्यायालयात जाऊ लागले. संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी २०१५ मध्ये नेमलेल्या तज्ज्ञ समितीने अशी अनावश्यक अपिले मागे घेण्याची शिफारस केली. त्यानंतरही हा ओघ थांबला नाही.

शासनाची बाजू अगदीच निराधार नाही. वयोमानाने येणारा प्रत्येक विकार सेवेशी जोडता येत नाही आणि सार्वजनिक निधीच्या विनियोगाला शिस्त हवी. याच भूमिकेतून सप्टेंबर २०२३ मध्ये नवे पात्रता नियम आले. परंतु खऱ्या-खोट्या दाव्यांची निवड सकारण वैद्यकीय मतानेच होऊ शकते. सरसकट नकाराने नव्हे.

समारोप

या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट होते. हक्क नियमात लिहिला गेला, म्हणून तो आपोआप हाती पडत नाही; पहिला नकार देणाऱ्याला कारणे देण्याचे बंधन किती पाळावे लागते, यावर ते अवलंबून असते. न्यायालयापर्यंत पोहोचलेल्यांना उशिरा का होईना, न्याय मिळाला. पहिल्याच शेऱ्यावर गप्प राहिलेल्या जवानांची नोंद मात्र कोणत्याही निकालपत्रात नाही. वैद्यकीय मंडळाच्या पहिल्याच अहवालात सकारण मत नोंदविले जाणे, हाच या प्रश्नावरील खरा उपाय होय.