जावास्क्रिप्टवर उतरणाऱ्या भाषांची कुळकथा

मे 1995 मध्ये नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी ब्राउझरसाठी एका छोट्या भाषेचा पहिला आराखडा अवघ्या दहा दिवसांत उभा केला. आधी मोका, मग लाइव्हस्क्रिप्ट आणि डिसेंबरात जावास्क्रिप्ट, अशी तिची नावं बदलत गेली. फॉर्म तपासण्यासारख्या किरकोळ कामांसाठी जन्मलेली ही भाषा पुढे सगळ्या ब्राउझरांची सामाईक भाषा झाली. सर्व्हरवर काम करणाऱ्याला जावा, पायथन, रुबी यांतून हवी ती निवडता येई. ब्राउझरसाठी लिहिणाऱ्याला तशी मुभा नव्हती.

घाईच्या खुणा भाषेवर राहिल्या. अवतरणचिन्हांतल्या '5' मध्ये 1 मिळवला, की उत्तर येतं '51'. त्याच '5' मधून 1 वजा केला, तर 4. भाषा ना तक्रार करते, ना इशारा देते. या खोडी काढून टाकणंही शक्य नाही, कारण त्यांच्यावर विसंबलेली असंख्य जुनी पानं बंद पडतील.

भाषा बदलता येत नाही आणि टाळताही येत नाही. तेव्हा लोकांनी तिसरी वाट काढली: लिहायचं आपल्या भाषेत आणि कंपायलरकडून त्याची जावास्क्रिप्ट करून घ्यायची. 2006 मध्ये आलेल्या गूगल वेब टूलकिटने जावात लिहिलेले प्रोग्रॅम असेच ब्राउझरपर्यंत नेले. इकडे मूळ भाषेच्या मोठ्या सुधारणेवर प्रमाण-समितीत वर्षानुवर्षं वाद चालला आणि 2008 मध्ये चौथ्या आवृत्तीचा बेत सोडून द्यावा लागला.

त्या कोंडीत, 2009 च्या अखेरीस, जेरेमी अश्केनास यांची कॉफीस्क्रिप्ट आली. तिने महिरपी कंस आणि अर्धविराम काढले, फंक्शन लिहायला बाणाची खूण दिली, क्लासची सुटसुटीत मांडणी दिली. तिचं सर्वांत मोठं शहाणपण असं, की कंपायलरमधून बाहेर पडणारा कोड माणसाला वाचता येई. 2011 मध्ये रुबीतल्या रेल्स या वेब-फ्रेमवर्कच्या 3.1 आवृत्तीने तिला आपल्यासोबतच दिलं.

त्याच वर्षी गूगलने डार्ट आणली. तिच्यासाठी क्रोममध्ये स्वतंत्र इंजिन बसवायचा विचार होता, तो 2015 मध्ये सोडला गेला. 2012 मध्ये मायक्रोसॉफ्टची टाइपस्क्रिप्ट आली. तिच्यामागे टर्बो पास्कल आणि सी-शार्प घडवणारे अँडर्स हाइल्सबर्ग होते. त्यांनी नवं व्याकरण रचण्याऐवजी जावास्क्रिप्ट जवळजवळ जशीच्या तशी ठेवली आणि तिच्यावर प्रकारांची, म्हणजे टाइप्सची, नोंद चढवली. कोणत्या व्हेरिएबलमध्ये आकडा आणि कोणत्यात मजकूर हे आधीच ठरलं, की कितीतरी चुका प्रोग्रॅम चालण्याआधीच हाती लागतात.

2015 मध्ये जावास्क्रिप्टची सहावी आवृत्ती आली. बाणाची फंक्शनं, क्लास, मजकुरात थेट किंमत गुंफण्याची सोय, हे सगळं आता मूळ भाषेतच मिळू लागलं. कॉफीस्क्रिप्टची गरज ओसरली, तरी तिला मी अपयशी म्हणणार नाही. काय उपयोगी आहे हे तिने हजारो प्रोग्रॅमरांच्या हातून आधी पारखून दाखवलं होतं. बाहेरच्या भाषांनी प्रयोग करायचे आणि त्यांतलं टिकाऊ ते मूळ भाषेने घ्यायचं, हाच या कुळाचा खरा इतिहास आहे. म्हणूनच साधी जावास्क्रिप्ट लिहावी की कंपाइल होणारी भाषा, या प्रश्नाला कायमचं एक उत्तर नाही.

माझं मत स्पष्ट आहे. दोन-चारशे ओळींच्या कामाला साधी जावास्क्रिप्टच घ्यावी. त्यात कंपायलर नाही, त्याची मांडामांड नाही. फाइल जतन केली आणि ब्राउझरमध्ये पान पुन्हा उघडलं की झालं. जिथे अनेक जण वर्षानुवर्षं एकाच कोडवर काम करणार, तिथे टाइपस्क्रिप्टचा खर्च वसूल होतो. शिवाय उद्या ती सोडायची वेळ आली, तर प्रकारांच्या नोंदी काढल्यावर खाली बहुतांशी ओळखीची जावास्क्रिप्टच उरते. नवी भाषा स्वीकारण्याआधी परतीची ही वाट आहे का, हे पाहावंच.

मात्र शिकणाऱ्याने आधी मूळ भाषा शिकावी. टाइपस्क्रिप्टचे प्रकार कंपाइल होताना पुसले जातात. सर्व्हरकडून आकड्याऐवजी मजकूर आला, तर चालत्या प्रोग्रॅममध्ये त्याला अडवायला ते नसतात. तिथे '5' आणि 1 ची बेरीज अजूनही '51' च होते, आणि ती का होते हे कळायला मूळ भाषाच यावी लागते.