पांदणीवरचा निळा ठिपका

तळेगाव (श्यामजी पंत) सोडून गाडी पांदणीला लागली की टॅबवरचा नेहमीचा नकाशा जवळपास कोरा होतो. म्हणून मी सर्व्हे ऑफ इंडियाचा जुना नकाशा स्कॅन करून ठेवलाय. पण तो तसाच वापरला, तर गाडी पांदणीत आणि निळा ठिपका शंभर मीटरहून लांब, कुणाच्या तरी कपाशीत! पावसाळ्यात, काळ्या मातीत, एवढं अंतर भारी पडतं.

दोष उपग्रहाचा नाही. 1802 साली विल्यम लॅम्बटनने मद्रासहून मोजणी सुरू केली. अर्ध्या टनाचा थिओडोलाइट, साखळ्या, त्रिकोणाला जोडून त्रिकोण. हैदराबादहून नागपूरकडे येताना 20 जानेवारी 1823 ला तो वारला, तेही आपल्याच जिल्ह्यात, हिंगणघाटला. कबरही तिथेच. पुढे त्याचा मदतनीस जॉर्ज एव्हरेस्टने याच मोजणीवरून 1830 साली पृथ्वीचा आकार ठरवला. आपले जुने नकाशे त्या आकारावर बसवलेले. जीपीएस मात्र डब्ल्यूजीएस-84 मानते. दोन्हींचे केंद्रबिंदूसुद्धा वेगळे.

अ‍ॅपमध्ये डेटम बदलला की ठिपका पांदणीवर येतो. त्या यादीत ‘एव्हरेस्ट’ आजही आहे. लॅम्बटन कुठेच नाही, आणि हे मला दरवेळी खटकतं.