ई-मेल सर्व्हर बदलताना नावाच्या लांबीचे भान

संस्थेचा ई-मेल सर्व्हर बदलणे म्हणजे केवळ जुनी पत्रे नव्या यंत्रावर नेणे नव्हे. प्रत्येक वापरकर्त्याचे नावही नव्या प्रणालीच्या मर्यादेत बसावे लागते. ते न बसल्यास एकाचे टपाल दुसऱ्याच्या हाती पडण्याचा धोका संभवतो.

मर्यादा किती?

ई-मेल पत्त्यात ‘ॲट’ चिन्हाच्या आधी येणाऱ्या नावास ६४ अक्षरांची मर्यादा १९८२ सालच्या एसएमटीपी नियमावलीने घातली. २००८ च्या सुधारित नियमावलीत हा आकडा बाइटच्या परिमाणात कायम राहिला. सर्व्हरवर प्रवेश करण्याच्या नावाची, म्हणजे युजरनेमची, मर्यादा मात्र याहून कमी असते. जुन्या युनिक्स प्रणालींत ती ८ अक्षरांची होती. लिनक्समध्ये ती सर्वसाधारणपणे ३२, तर विंडोजच्या ॲक्टिव्ह डिरेक्टरीतील जुन्या पद्धतीच्या लॉगिन नावासाठी २० अक्षरांची आहे.

दोन गावे, एक नाव

बुलढाणा जिल्ह्यातील चिखली तालुक्यात उंद्री हे गाव आहे. पुणे महापालिकेच्या हद्दीत उंड्री आहे. मराठीतील द आणि ड यांचा भेद रोमन लिपीत उरत नाही. समजा, दोन्ही ठिकाणच्या शाळांना ‘प्राथमिकशाळा’, गाव आणि जिल्हा अशा क्रमाने, मध्ये टिंब देऊन, रोमन लिपीत खाती दिली. बुलढाण्याचे नाव २९ अक्षरांचे, तर पुण्याचे २५ अक्षरांचे होते. लिनक्सवर दोन्ही नावे चालतात. तीच २० अक्षरांवर कापली, तर जिल्हा नेमका गळतो आणि दोन्ही नावे एकसारखी होतात. दुसरे खाते उघडण्यास सर्व्हर नकार देतो. स्थलांतराची आज्ञावली हा नकार दुर्लक्षून पुढे गेल्यास दोन्ही शाळांची पत्रे एकाच पेटीत मिसळतात.

देवनागरीचा हिशेब

२०१२ च्या मानकाने रोमनेतर लिपीतील पत्त्यांना वाट मोकळी केली. २०१४ मध्ये ‘.भारत’ हे डोमेनही उपलब्ध झाले. मात्र यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट व्यापते. ‘उंद्री’ डोळ्यांना दोन अक्षरांचे दिसले, तरी त्यात अनुस्वार, हलन्त व वेलांटी धरून ६ चिन्हे, म्हणजेच १८ बाइट आहेत. ‘प्राथमिकशाळा.उंद्री.बुलढाणा’ हे नाव ७७ बाइटचे होऊन ६४ ची मर्यादा ओलांडते.

उपाय

स्थलांतरापूर्वी सर्व नावांची यादी काढून त्यांची लांबी अक्षरांत व बाइटमध्ये मोजावी. नव्या मर्यादेवर नावे कापल्यास कोणती सारखी होतात, हे आधीच तपासावे. नावे आपोआप कापली जाऊ देऊ नयेत. मर्यादेबाहेरचे प्रत्येक नाव संबंधितांना विचारून ठरवावे.

याहून टिकाऊ उपाय म्हणजे लॉगिनचे नाव आणि ई-मेलचा पत्ता वेगळे ठेवणे. लॉगिनसाठी कर्मचारी क्रमांकासारखी छोटी खूण पुरते. पूर्ण पत्ता टोपणनाव, म्हणजेच एलियस, म्हणून त्या पेटीला जोडता येतो. पोस्टफिक्स व डोव्हकॉट यांसारख्या प्रणालींत टपालपेटीसाठी सर्व्हरवर स्वतंत्र खाते असण्याचीही गरज नसते. पत्ता बदलावाच लागला, तर जुना पत्ता एलियस म्हणून चालू ठेवावा आणि तो दुसऱ्या कोणास कधीही देऊ नये. बँका, शासकीय कार्यालये व पालक यांच्याकडे तोच पत्ता नोंदलेला असतो आणि पासवर्ड बदलण्याचे दुवेही त्याच पत्त्यावर येत राहतात.